विमानसुरक्षेच्या संशोधनाला हक्काचा निधी द्या: नागरी विमान वाहतूक राज्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. श्री. मुरलीधर मोहोळ,
केंद्रीय राज्यमंत्री, नागरी विमान वाहतूक,
नवी दिल्ली

सप्रेम नमस्कार.

आपण पुण्याचे खासदार आहात आणि मी पुण्यातल्याच एका अभियांत्रिकी महाविद्यालयात विमानशास्त्र शिकवतो. पत्र जाहीरपणे लिहितो आहे, कारण त्यातली मागणी एका शिक्षकाची किंवा एका महाविद्यालयाची नाही. नागरी विमान वाहतुकीची सुरक्षा आणि तिचे तंत्रज्ञान यांवरच्या संशोधनासाठी आपल्या मंत्रालयाने कायद्याने बांधलेला, दरवर्षी न चुकता मिळणारा अनुदान निधी उभा करावा, आणि तो विद्यापीठे, महाविद्यालये व संशोधन संस्थांना खुल्या स्पर्धेतून द्यावा, एवढीच ती मागणी आहे.

१२ जून २०२५ रोजी अहमदाबादच्या अपघातात २६० माणसे गेली. त्याच्या कारणांविषयी मी इथे एक अक्षरही लिहिणार नाही. ते काम तपास यंत्रणेचे आहे आणि तिला ते शांतपणे करू द्यावे. मला बोलायचे आहे ते त्यानंतरच्या सवयीविषयी. अपघात झाला की सुरक्षेची चर्चा सुरू होते, चौकशी नेमली जाते, अहवाल येतो आणि चर्चा मिटते. चौकशी एका अपघाताचा छडा लावते. तसा अपघात घडवू शकणारी परिस्थिती देशात आणखी कुठे, किती वेळा आणि कोणत्या ऋतूत तयार होते, हे कळायला मात्र वर्षानुवर्षे मोजमापे घ्यावी लागतात. अशा मोजमापांचा खर्च आपल्याकडे कोणाच्याच खाती धरलेला नसतो.

केरळातल्या कोझिकोडच्या अपघाताचेच पाहा. ७ ऑगस्ट २०२०ची संध्याकाळ, धो धो पाऊस, पाठीमागून वारा, कॅप्टनच्या बाजूचा वायपर नीट चालत नाही. २,७०० मीटरच्या धावपट्टीवर विमान जवळजवळ निम्म्यावर टेकले, थांबू शकले नाही आणि पठारावरून खाली कोसळले. नागपूरशी जवळचे नाते असलेले कॅप्टन दीपक साठे आणि त्यांचे सहवैमानिक यांच्यासह २१ जण मृत्युमुखी पडले. तपास अहवालाने वैमानिकाने ठरलेली कार्यपद्धती पाळली नाही असे म्हटले, आणि व्यवस्थेतल्या त्रुटींकडे दुर्लक्ष करता येणार नाही असेही नोंदवले. अहवाल वाचून मी विद्यार्थ्यांसमोर उभा राहिलो तेव्हा त्यांचे प्रश्न साधे होते. सर, मुसळधार पावसात आपल्या धावपट्ट्यांवर मिनिटागणिक किती मिलिमीटर पाणी साचते? टायरच्या रबराचे थर बसलेल्या पट्ट्यात ब्रेक किती कमी धरतात? कोकणातला पाऊस आणि केरळातला पाऊस धावपट्टीच्या दृष्टीने सारखाच का? यातल्या एकाही प्रश्नाचे उत्तर परदेशी पुस्तकात मिळणार नाही, कारण पाऊस आपला आहे.

मुंबईत १ जुलै २०१९ रोजी अशाच पावसात एक विमान धावपट्टी ओलांडून चिखलात रुतले आणि मुख्य धावपट्टी चार दिवस बंद राहिली. २१ जुलै २०२५ला तिथेच पावसात उतरणारे दुसरे एक विमान धावपट्टीच्या बाहेर गेले. दोन्ही वेळा जीवितहानी झाली नाही. त्यामुळे दोन्ही घटना विस्मरणात गेल्या.

ओल्या धावपट्टीचे शास्त्र जगाने कसे मिळवले, ते आपल्याला सांगायला हवे. टायर आणि डांबर यांच्यामध्ये पाण्याचा थर शिरला की चाक अक्षरशः पाण्यावर तरंगते. याला हायड्रोप्लेनिंग म्हणतात. कोणत्या वेगाला ते सुरू होते याचा टायरमधल्या हवेच्या दाबाशी असलेला संबंध अमेरिकेत नासाच्या लँग्ली केंद्रातल्या संशोधकांनी साठच्या दशकात मांडला. धावपट्टीवर आडव्या बारीक खाचा पाडल्या तर पाणी निघून जाते आणि पकड टिकते, हेही तिथेच वर्षानुवर्षे चाके पळवून सिद्ध झाले. पुढे त्याच खाचा महामार्गांवर आल्या आणि मोटारींचेही अपघात टळले. हा सगळा खर्च सरकारी होता. त्यातून विकायची वस्तू निघत नव्हती, म्हणून कोणत्याही कंपनीने तो केला नसता.

दुसरी हकीकत अधिक मोठी आहे आणि माझ्या मते प्रत्येक विमान वाहतूक मंत्र्याने ती ऐकावी. २४ जून १९७५ रोजी न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर उतरणारे ईस्टर्न एअरलाइन्सचे विमान वादळात धावपट्टीच्या अलीकडेच आदळले, ११३ जण गेले. शिकागो विद्यापीठातले जपानी शास्त्रज्ञ तेत्सुया फुजिता यांनी नोंदी पाहून वेगळेच काही सांगितले. त्यांच्या मते गडगडाटी ढगातून थंड हवेचा लोट सरळ खाली येतो, जमिनीवर आपटतो आणि चहूकडे फुटतो. विमान त्यात शिरले की आधी समोरून वारा मिळतो, वैमानिकाला वाटते वेग वाढला, म्हणून तो इंजिनाची शक्ती कमी करतो. काही सेकंदांत तोच वारा पाठीमागून येतो आणि पंखांची उचल नाहीशी होते. जमीन तोवर हाकेवर आलेली असते. फुजितांनी या लोटाला मायक्रोबर्स्ट नाव दिले. बऱ्याच हवामानशास्त्रज्ञांना ते पटले नाही.

न पटणाऱ्या कल्पनेलाही पैसे मिळाले, हा या हकिकतीतला महत्त्वाचा भाग आहे. १९७८ साली शिकागोजवळ आणि १९८२ साली डेन्व्हरजवळ सरकारी निधीतून वाऱ्याचा वेग टिपणारी डॉप्लर रडारे लावून हे लोट मोजले गेले. १९८२च्या त्याच उन्हाळ्यात न्यू ऑर्लिन्सजवळ अशाच लोटात सापडलेले विमान पडले, १५३ माणसे गेली. १९८५ला डॅलसमध्ये १३७. परंतु तोवर मोजमापे हाती होती. त्यांवरून विमानतळांवरची खास रडारे आली, कॉकपिटमध्ये इशारा देणारी यंत्रणा आली, वैमानिकांना सिम्युलेटरवर नेमके काय करायचे ते शिकवले गेले. १९९४च्या शार्लटच्या अपघातानंतर अमेरिकेतली ही मालिका जवळजवळ थांबली. एका प्राध्यापकाच्या शंकेपासून तिथवर पोचायला वीस वर्षे लागली. वीस वर्षे पैसा पुरवत राहणारी व्यवस्था होती म्हणून ते घडले.

मोहोळसाहेब, एप्रिल-मे महिन्यांत वळीव कोसळण्याआधी जो गार वारा अंगावर येतो, पत्रे उडवतो, आंबे झडवतो, तो याच जातीचा वारा आहे. विदर्भ आणि मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला तो चांगला ठाऊक आहे. त्या दिवसांत नागपूरला, संभाजीनगरला, नांदेडला विमाने उतरत असतात. १ मे २०२२ रोजी मुंबईहून दुर्गापूरला निघालेले विमान उतरताना अशाच पूर्वमोसमी वादळात सापडले आणि अनेक प्रवासी जखमी झाले. वळवाच्या ढगांतून येणारे हे लोट आपल्या विमानतळांवर किती तीव्र असतात, किती मिनिटे टिकतात, दुपारच्या कोणत्या वेळी सर्वाधिक येतात, याचा विमानतळागणिक दहा वर्षांचा आलेख वैमानिकांच्या हाती असायला हवा. तो तयार करायला परदेशातून कोणी येणार नाही.

हे आपल्याला जमणार नाही असे कोणी म्हणू नये. पुण्यातच पाषाणला भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्था आहे. तिने हवामान खात्याबरोबर २०१५-१६च्या हिवाळ्यापासून दिल्ली विमानतळावर धुक्याचा अभ्यास चालवला. जमिनीचे तापमान, हवेतले कण, धुक्याच्या थेंबांचा आकार, वाऱ्याची अस्थिरता असे सगळे रात्र-रात्र मोजले. पुढे हे काम दिल्लीजवळच्या जेवर विमानतळापर्यंत गेले आणि त्यातून धुक्याचा अंदाज देणारे बारीक जाळीचे संगणकीय प्रारूप उभे राहिले. दाट धुके किती वाजता उतरेल हे आधी कळले की कंपनी उड्डाणांचे नियोजन बदलू शकते, प्रवासी विमानात चार तास अडकून पडत नाहीत. काम विमान वाहतुकीच्या उपयोगाचे, पण पैसा पृथ्वी विज्ञान मंत्रालयाचा. गगन ही उपग्रहाधारित मार्गदर्शन प्रणालीही इथलीच. विषुववृत्ताजवळच्या आयनोस्फिअरमध्ये, म्हणजे वातावरणाच्या विद्युतभारित वरच्या थरात, उपग्रहाचे संदेश इतके वेडेवाकडे होतात की अमेरिकेतले गणित इथे जसेच्या तसे चालत नव्हते. इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणाने ७७४ कोटींच्या प्रकल्पात इथले गणित इथे सोडवले. २८ एप्रिल २०२२ला किशनगढला प्रवासी कंपनीचे विमान गगनच्या आधाराने उतरले. आणि धावपट्टीवरची दृश्यता मोजणारे ‘दृष्टी’ हे उपकरण बंगळूरच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेचे आहे.

म्हणजे माणसे आहेत, संस्था आहेत. पैशाची वाट मात्र ठरलेली नाही. संरक्षण खात्याकडे १९७१पासून वैमानिकी संशोधन आणि विकास मंडळ आहे. ते विद्यापीठांना अनुदाने देते आणि देशातल्या कितीतरी प्राध्यापकांचे काम त्यावर उभे राहिले. त्या तोडीचे मंडळ नागरी बाजूला नाही. हैदराबादच्या बेगमपेठेत विमानतळ प्राधिकरणाने ३५० कोटींहून अधिक खर्चून नागरी विमान संशोधन केंद्र बांधले, ५ मार्च २०२४ रोजी पंतप्रधानांनी त्याचे उद्घाटन केले. ही चांगली गोष्ट आहे आणि तिचे मनापासून स्वागत. पण केंद्र एका शहरात असते, प्रश्न दीडशेहून अधिक विमानतळांवर विखुरलेले आहेत. चिपीच्या धावपट्टीवरचे पाणी सावंतवाडी-कुडाळच्या महाविद्यालयातली मुले मोजू शकतात, त्यांना उपकरण आणि मार्गदर्शक द्या.

माझ्या एका विद्यार्थिनीने नेमके हेच करायचे ठरवले होते. धावपट्टीवरच्या पाण्याच्या थराची जाडी मोजणारा स्वस्त संवेदक तिने बनवला, महाविद्यालयाच्या रस्त्यावर दोन पावसाळे तपासला, आणि चाचणीसाठी परवानगी व थोडे अर्थसाहाय्य मागितले. उत्तर सौजन्याचे होते: कल्पना उपयुक्त आहे, मात्र यासाठी लेखाशीर्ष, म्हणजे अर्थसंकल्पात या खर्चाची नोंद, उपलब्ध नाही. उत्तर देणाऱ्या अधिकाऱ्यांचा मला राग नाही. लेखाशीर्षच नसेल तर ते तरी काय करणार? ती मुलगी आज युरोपातल्या एका विद्यापीठात बर्फाळ धावपट्ट्यांवर काम करते.

अमेरिकेने ही अडचण कायद्याने सोडवली. २८ एप्रिल १९८८ला हवाई बेटांवर अ‍ॅलोहा एअरलाइन्सच्या जुन्या बोइंगचे छत आकाशात उडून गेले आणि एका हवाईसेविकेचा जीव गेला. त्याच वर्षी तिथल्या संसदेने विमान सुरक्षा संशोधन कायदा केला. तिथला कायदा सांगतो की विमान वाहतूक प्रशासनाच्या संशोधन निधीपैकी किमान १५ टक्के दीर्घ पल्ल्याच्या कामावर जावेत आणि किमान ३ टक्के विद्यापीठांना व ना-नफा संस्थांना अनुदान म्हणून द्यावेत. टक्का कायद्यात आहे, म्हणून मंत्री बदलले, वर्ष तंगीचे आले, तरी प्रयोगशाळेतला विद्यार्थी मध्येच रस्त्यावर येत नाही. आपल्याकडे भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ हा नवा कायदा १ जानेवारी २०२५पासून लागू झाला आहे. नव्वद वर्षांचा जुना कायदा बदलण्याची हिंमत सरकारने दाखवली, त्यात संशोधन निधीचे एक कलम घालणे त्या मानाने लहान काम आहे.

पैसा कुठून आणायचा, हेही सांगतो. उडान योजनेसाठी मोठ्या मार्गांवरच्या उड्डाणांवर अधिभार घेऊन छोट्या शहरांच्या सेवेला मदत देण्याची पद्धत आपल्याच मंत्रालयाने घालून दिली आहे. २०२४ साली देशांतर्गत विमानांतून सुमारे १६ कोटी प्रवासी गेले. प्रवाशामागे ५ रुपये बाजूला ठेवले तर वर्षाला ८० कोटी होतात. दोन-दोन कोटींचे ४० प्रकल्प त्यात चालतात. विमानतळावर चहाला शंभर-दीडशे रुपये देणारा प्रवासी या ५ रुपयांना नाही म्हणणार नाही, याची मला खात्री आहे.

यावर कोणी म्हणेल, अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान आहे, एक लाख कोटींची संशोधन, विकास व नवोन्मेष योजना आहे, मग वेगळा निधी कशाला? ती लाख कोटींची योजना मुख्यतः खासगी उद्योगाला कमी व्याजाने दीर्घ मुदतीचा पैसा देण्यासाठी आहे, आणि ती बाजाराच्या जवळ आलेल्या तंत्रज्ञानासाठी आहे. धावपट्टीवरचे पाणी मोजून कर्ज फेडता येत नाही. प्रतिष्ठानाला सगळ्या विज्ञानशाखांचा संसार सांभाळायचा आहे. सुरक्षेचे प्रश्न नियामकाला पडतात, म्हणून ते प्रश्न विचारण्याचा आणि त्यासाठी पैसे देण्याचा अधिकार नियामकाच्या मंत्रालयाकडेच हवा. दुसरा आक्षेप अधिक खरा आहे: संसदीय समितीनेच ऑगस्ट २०२५मध्ये दाखवून दिले की नागरी विमान वाहतूक महासंचालनालयात निम्म्याच्या आसपास पदे रिकामी आहेत. आधी माणसे भरावीत, संशोधन नंतर. मला वाटते ही दोन कामे एकमेकांना धरून आहेत. संशोधनात पाच वर्षे घालवलेली मुले म्हणजेच उद्याचे निरीक्षक आणि तपासनीस. ती पिढी घडवायची जागा आज नाही, म्हणून जाहिरात निघाली तरी योग्य उमेदवार मिळायला अडचण येते.

पैशाइतकीच गरज माहितीची आहे. १ डिसेंबर १९७४ रोजी वॉशिंग्टनजवळ एक विमान डोंगरावर आदळून ९२ जण गेले. नंतर उघड झाले की सहाच आठवडे आधी दुसऱ्या कंपनीच्या वैमानिकांनी उतरण्याविषयीची तीच सूचना तशीच चुकीची समजून घेतली होती आणि थोडक्यात बचावले होते. त्यांच्या कंपनीने आपल्या वैमानिकांना सावध केले, पण बाकीच्यांना कळण्याची सोय नव्हती. त्यातून १९७६ साली नासाकडे एक गोपनीय कक्ष उभा राहिला. वैमानिक, नियंत्रक, तंत्रज्ञ आपली चूक तिथे लिहून कळवतात, नावे पुसली जातात आणि मजकूर जगातल्या कोणाही संशोधकाला वाचता येतो. पैसा नियामकाचा, कक्ष मात्र नियामकाच्या ताब्यात नाही. शिक्षेचा अधिकार असलेल्या कार्यालयाकडे कोण मोकळेपणाने कबुली देईल? आपल्याकडेही असा कक्ष एखाद्या विद्यापीठाकडे किंवा राष्ट्रीय प्रयोगशाळेकडे सोपवावा. विमान कंपन्यांकडे प्रत्येक उड्डाणाच्या नोंदी असतात. त्यातली कंपनीची आणि वैमानिकाची ओळख काढून टाकून उरलेली माहिती अनुदान घेणाऱ्या संशोधकांना अटी घालून खुली करावी.

वैमानिकांच्या थकव्याचा विषय याच माहितीवर अडला आहे. २२ मे २०१०ला मंगळूरला १५८ माणसे गेली, त्या विमानाच्या ध्वनिमुद्रणात कॅप्टनचे घोरणे नोंदले गेले होते. डिसेंबर २०२५मध्ये ड्युटीच्या नव्या नियमांच्या काळात देशभर हजारो उड्डाणे रद्द झाली आणि लोक विमानतळांवर जमिनीवर झोपले. कंपन्या एक सांगतात, वैमानिक संघटना दुसरे सांगतात. नासाच्या एम्स केंद्राने १९८०पासून लांब पल्ल्याच्या वैमानिकांची झोप उड्डाणातच मोजली. आखाती देशांच्या रात्रीच्या फेऱ्या करणाऱ्या आपल्या वैमानिकांची झोप अशीच स्वतंत्र संस्थेने मोजली, तर नियम ठरवताना मंत्रालयाला कोणाच्या आवाजाच्या जोरावर विसंबावे लागणार नाही.

पक्ष्यांविषयी थोडक्यातच लिहितो. २० मे २०२४च्या रात्री घाटकोपरला विमानाची धडक बसून ३९च्या आसपास रोहित पक्षी मेले. विमान सुखरूप उतरले. आता ठाणे आणि पनवेलच्या खाड्यांच्या शेजारी नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला आहे. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीकडे इथल्या पाणपक्ष्यांचा दीर्घ अभ्यास आहे. तो रडारच्या नोंदींशी जोडून भरती-ओहोटीनुसार पक्ष्यांच्या उड्डाणाचे अंदाज देता येतील. हे काम पक्ष्यांच्याही हिताचे आहे.

निधी उभा राहिलाच, तर त्याच्या नियमांविषयी कळकळीची विनंती. अनुदान किमान पाच वर्षांचे असावे. एका पावसाळ्यात काहीच सिद्ध होत नाही, आणि दुसऱ्या वर्षीचा हप्ता मार्चअखेर आला तर तोवर ढग निघून गेलेले असतात. निवड बाहेरच्या तज्ज्ञांनी करावी. निकाल, अपयश धरून, जाहीर व्हावेत. आणि काही हिस्सा आयआयटीच्या बाहेरच्या महाविद्यालयांसाठी राखावा, कारण रत्नागिरी, जळगाव, नांदेड, अमरावतीच्या विमानतळांजवळ तीच आहेत.

आपण कायदा दुरुस्तीची वाट पाहू नये. येत्या अर्थसंकल्पात ‘नागरी विमानसुरक्षा संशोधन अनुदान’ असे एक लेखाशीर्ष उघडावे, त्यात पहिल्या वर्षी २० कोटी ठेवावेत आणि पहिले आवाहन दोनच विषयांवर काढावे: पावसातल्या धावपट्ट्या आणि वळवाचे वारे. आवाहन ऑगस्टपर्यंत निघाले आणि निवड दिवाळीपर्यंत झाली, तर पुढच्या मार्चअखेर नागपूर आणि संभाजीनगरला वारा मोजणारी उपकरणे बसू शकतील, आणि जूनपूर्वी मुंबई व चिपीला पाण्याचे संवेदक. मसुदा तयार करायला, प्रस्ताव तपासायला माझ्यासारखे अनेक शिक्षक विनामोबदला वेळ देतील. आपण पुण्यात असाल तेव्हा अर्धा तास द्यावा. पाषाणच्या संस्थेतल्या ज्येष्ठ शास्त्रज्ञांनाही आपण बोलावलेत तर फार बरे होईल.

आपला,
विमानशास्त्राचा एक शिक्षक,
पुणे